पंधरा यार्डांचा आग्रह

ज्युडा झिराडकरने आयुष्यात कधी फुटबॉल हातात धरला नव्हता. त्याने फक्त त्याचं नियमपुस्तक वाचलं होतं. पण कॅनडात, ओंटारियोतल्या वॉटर्लू गावच्या पंचमंडळात तेवढ्यावर तो विद्वान ठरला, कारण बाकीचे बावीस पंच लहानपणापासून फुटबॉल खेळत आले होते आणि पुस्तक त्यांच्यातल्या एकानेही शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं.

इथला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो काखेत मारून पळायचं किंवा पुढे फेकायचा, आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला आडवं करायचं. गणितात एम.एस्सी. करायला अलिबागहून आलेल्या ज्युडाला १९७२ साली कुणीतरी अशा एका सामन्याला ओढून नेलं. खांद्यांवर उशा बांधलेली चोवीस माणसं एकमेकांवर आपटत होती, त्यात त्याला काही गोडी वाटली नाही. मग शिट्टी झाली. एका पंचाने नारिंगी फडकं जमिनीवर टाकलं आणि सगळं थांबलं. पाच पंचांनी डोकी एकत्र करून खलबत केलं, आणि काळी टोपी घातलेला एक जण चेंडू उचलून पावलं मोजत मागे चालू लागला. ते चोवीस रेडे मुकाट त्याच्यामागे गेले.

ज्युडा उठून उभा राहिला. "तो दहाच यार्ड का गेला? आणि तिथपासूनच का मोजले?"

शेजाऱ्याने बिअरचा घोट घेतला. "दंड आहे."

"ते दिसतंय. पण तिथपासूनच का?"

"कारण तिथपासूनच असतो."

गणित शिकलेल्या माणसाला असं उत्तर दिलं की तो रात्रभर तळमळतो. दुसऱ्या दिवशी ज्युडाने लायब्ररीतून नियमपुस्तक आणलं आणि तीन दिवसांत संपवलं. एकाच गुन्ह्याला एका कलमात पाच यार्ड दंड आहे आणि दुसऱ्या कलमात दहा, हे त्याला सापडलं. त्याने पंचमंडळाला चार पानी पत्र पाठवलं, तक्त्यासकट. आठवड्याभराने मंडळाचे सेक्रेटरी वॉल्टर शँट्झ यांचा फोन आला. शँट्झ यांचं गावात हार्डवेअरचं दुकान होतं आणि मंडळाचा कारभार ते रंगाच्या डब्यांमागच्या टेबलावरून चालवत.

"तू वकील आहेस?"

"नाही. विद्यार्थी आहे."

"म्हणजे तुला वेळ भरपूर आहे. शनिवारी दहा वाजता शाळेच्या मैदानावर ये. शिट्टी आम्ही देतो."

तेव्हापासून सात हंगाम गेले. ज्युडा एका विमा कंपनीत लागला, माणसं सरासरी कितव्या वर्षी मरतात याची कोष्टकं करू लागला, आणि सुटीच्या दिवशी पांढरी टोपी घालून शाळा-कॉलेजांच्या सामन्यांत कडेची रेषा सांभाळू लागला. अरविंद कर्वे नावाचा त्याचा मित्र, जो पुलांची डिझाइनं करी, त्याला हमखास डिवचायचा. "आपली माणसं इथे येऊन डॉक्टर होतात, प्रोफेसर होतात. तू सात वर्षांत शिट्टीपर्यंत पोचलास."

ज्युडाला खरं तर शिट्टी नको होती, टोपी हवी होती. काळी. मंडळात काळ्या टोप्या फक्त चार. ती घालणारा मुख्य पंच, दंड तो मोजणार, शब्द त्याचा शेवटचा. पांढऱ्या टोपीवाल्याने फडकं टाकायचं, काय पाहिलं ते सांगायचं आणि गप्प बसायचं. सात वर्षं ज्युडाने मुख्य पंचांना चुकीच्या जागेवरून, चुकीच्या दिशेने आणि चुकीच्या संघाला दंड करताना पाहिलं होतं, आणि दर वेळी जीभ दाताखाली धरली होती.

त्यातला हार्वे म्हणजे कळस. हार्वे हा शँट्झ यांचा मेहुणा, एकदा आजारी मुख्य पंचाच्या जागी काळी टोपी घालून उतरला. त्या सामन्यात एका संघाचा चेंडू त्याच्याच गोलरेषेपासून आठ यार्डांवर असताना त्या संघाला दहा यार्डांचा दंड झाला. अशा वेळी दहा नव्हे, उरलेल्या अंतराच्या निम्मे यार्ड मोजायचे, म्हणजे चार, असा नियम आहे. चेंडू मैदानाबाहेर ढकलायचा नसतो. हार्वे चेंडू घेऊन मागे निघाला. मोजत मोजत गोलरेषा ओलांडून दोन यार्ड पलीकडे गेला, गोलाचा खांब मागे राहिला म्हणून थबकला, आणि वळून ज्युडाकडे असा पाहू लागला, की जणू खांब ज्युडानेच तिथे रोवला होता.

एवढं होऊनही हार्वे काळ्या टोपीच्या रांगेत पहिला होता. पण १९७९च्या उन्हाळ्यात दोन गोष्टी झाल्या. चार मुख्य पंचांपैकी एकाचा गुडघा गेला आणि एक टोपी रिकामी झाली. आणि गावातल्या एल्मडेल कॉलेजशी मैत्रीचा सामना खेळायला ओहायोतलं एक छोटं अमेरिकन कॉलेज तयार झालं, पण एका अटीवर. सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुटीला, सोमवारी आम्ही येऊ, मात्र नियम आमचे.

मंडळात हाहाकार उडाला. आपलेच नियम कुणाला धड येत नव्हते, तिथे अमेरिकन कॉलेजचे कोण वाचणार? इथे दहा यार्ड जायला तीन प्रयत्न मिळतात, तिकडे चार. मैदान आखूड, माणसं बाराऐवजी अकरा, दंड वेगळे. सगळ्यांनी ज्युडाकडे पाहिलं. ज्युडाने पुस्तक कधीच मागवून वाचलं होतं, शिवाय समासात टिपाही लिहिल्या होत्या.

मग त्याने निवृत्त सैनिकांच्या क्लबच्या बेसमेंटमध्ये बावीस पंचांचे सहा वर्ग घेतले. निम्मे डुलक्या काढत. शँट्झ मात्र पहिल्या रांगेत वही घेऊन बसत. पाचव्या वर्गात ज्युडाने खडू आपटून सांगितलं, "सगळ्यात महत्त्वाचं. गुन्हा एका संघाने केला, तर दंड लावायचा की नाही हे दुसऱ्या संघाचा कप्तान ठरवतो. कधी दंड घेणं त्याच्याच तोट्याचं असतं, म्हणून तो नाकारू शकतो. आपण पर्याय सांगायचे, एकदा. तो जे पहिलं उत्तर देईल ते अंतिम. ते त्यालाही बदलता येत नाही आणि आपल्यालाही. पहिलं उत्तर अंतिम. लिहून घ्या."

शँट्झ यांनी लिहून घेतलं. हार्वेने खिशातून सँडविच काढलं.

ठरलं ते असं : सामन्यात काळी टोपी ज्युडा घालणार. टोरोंटोहून एक परीक्षक येऊन प्रेक्षकांत बसेल आणि गुण देईल. ते चांगले पडले तर टोपी कायमची ज्युडाची. नाहीतर ती हार्वेला, आणि ज्युडा परत कडेच्या रेषेवर.

*

पहिलं उत्तर अंतिम हे तत्त्व ज्युडा अमेरिकन पुस्तकात नव्हे, आपल्या प्रोफेसरांच्या घरी शिकला होता, आणि उपाशीपोटी शिकला होता.

कॅनडातला त्याचा तो पहिला हिवाळा. प्रोफेसरांनी जेवायला बोलावलं. बाईंनी बटाट्यांचं भांडं पुढे केलं, "आणखी?" ज्युडाच्या पोटात कावळे कोकलत होते. तो शिकवल्याप्रमाणे म्हणाला, "नको नको, पुरे." भांडं पुढे गेलं. तो वाट पाहत राहिला. भांडं टेबलाला वळसा घालून स्वयंपाकघरात गेलं आणि परत आलं नाही. त्या दिवशी खोलीवर येऊन त्याने पाव आणि केचप खाल्लं आणि ठरवलं, की या देशात एकदाच विचारतात, तेव्हा आपणही एकदाच उत्तर द्यायचं. विज्ञानाच्या दृष्टीनेही हेच बरोबर होतं. एका प्रश्नाला दोन उत्तरं असू नयेत.

अडचण होती रोझमावशीची. अलिबागच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली त्याची ही विधवा मावशी १९७४ साली त्याच्याकडे राहायला आली, आणि येताना आग्रह घेऊन आली.

"पहिला नको म्हणजे रीत," ती म्हणायची. "दुसरा नको म्हणजे लाज. तिसऱ्या वेळी पोट बोलतं. तिसऱ्यांदा न विचारणारा माणूस वाढत नसतो, हाकलत असतो."

एकदा ज्युडाचे साहेब जेवायला आले. मावशीने नारळाच्या रसातली मच्छी केली होती. साहेब तिसऱ्या वाढीला "नो, थँक यू" म्हणाले. मावशीने वाढलं. ते चौथ्या वेळी हात आडवा धरून नको म्हणाले. मावशीने बोटांच्या फटीतून वाढलं. दुसऱ्या दिवशी साहेब कामावर आले नाहीत.

तेव्हा ज्युडाने फ्रीजवर एक टाइप केलेला कागद चिकटवला. कलम एक, पाहुण्याला एकदाच विचारावं. कलम दोन, पहिलं उत्तर अंतिम.

मावशीने चष्मा लावून तो वाचला. "आणि मोडलं तर?"

"पाच यार्ड दंड."

"म्हणजे किती?"

"ओट्यापासून बेसमेंटच्या दारापर्यंत."

"मग तिथूनच विचारीन," मावशी म्हणाली. "माझा आवाज पोचतो. चाळीस पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा."

या दोघांचं दुसरं भांडण शब्बाथवरून होतं, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसावरून, ज्या दिवशी ज्यू माणसाने काम करायचं नसतं. कॉलेजचे सामने शनिवारी. शब्बाथच्या दिवशी शिट्टी वाजवणं हे काम की करमणूक, यावर ज्युडाने तिला एकदा तासभर युक्तिवाद ऐकवला. ती शेवटी म्हणाली, "नियम तुझे, पाप तुझं. डबा तेवढा माझा." पण लेबर डे सोमवारी होता. त्यामुळे मावशी आयुष्यात पहिल्यांदा सामना पाहायला आली, अरविंदच्या गाडीतून, बटाटेवड्यांचा मोठा डबा मांडीवर घेऊन.

*

सामना झकास चालला होता, निदान ज्युडाच्या दृष्टीने. कोण पुढे आहे याच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. पाच दंड झाले, पाचही त्याने इंचाला इंच मोजले. एकदा तर निम्म्या अंतराचा दंडही आला. चेंडू सहा यार्डांवर होता, त्याने तो तीनवर ठेवला आणि ठेवताना कडेला उभ्या असलेल्या हार्वेकडे पाहण्याचा मोह टाळला नाही.

वर बाकांवर मावशी अरविंदला विचारत होती, "हे सगळे पडतात कशाला सारखे?"

"मावशी, तो खेळच पडायचा आहे."

"आणि आपला ज्युडा पडलेल्यांना उठवतो?"

"नाही. तो मागे न्यायला सांगतो."

"अजून मागे? आधीच पडलेत बिचारे." मग तिचं लक्ष पुढच्या बाकावर गेलं. तिथे कोट घातलेला एक वाळका गृहस्थ एकटाच बसून वहीत काही लिहीत होता. "याने सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही. अहो मिस्टर! टेक वन."

गृहस्थ म्हणाला, "नो, थँक यू, मॅडम."

"टेक, टेक. होममेड."

"रियली, नो."

"अहो, एक तर घ्या!"

गृहस्थाने घेतला. मग दुसरा घेतला. तिसऱ्या वेळी त्याने हात आपणहून मागे केला आणि वहीवरची नजर काढली नाही. तो टोरोंटोचा परीक्षक होता हे मावशीला माहीत नव्हतं, अरविंदलाही नव्हतं.

शेवटचं दीड मिनिट उरलं. एल्मडेल सोळा, ओहायो चौदा. चेंडू ओहायोकडे, एल्मडेलच्या गोलरेषेपासून अठ्ठावीस यार्डांवर. ओहायोचा तिसरा प्रयत्न फुकट गेला. पळणारा होता तिथेच आडवा झाला. पण त्या धुमश्चक्रीत ओहायोच्या एकाने समोरच्याला पाठीमागून पायांत घुसून पाडलं होतं. फडकं पडलं. या गुन्ह्याला पंधरा यार्ड.

ज्युडाने एल्मडेलच्या कप्तानाला बोलावलं. डग बाउमन, गावाबाहेरच्या मेनोनाइट, म्हणजे साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या, शेतकऱ्याचा मुलगा, सहा फूट चार इंच, आणि इतका सभ्य की समोरच्याला पाडल्यावर हात देऊन उठवायचा. ज्युडाने त्याला पुस्तकातल्या शब्दांत पर्याय सांगितले. दंड घेतलास तर ओहायो पंधरा यार्ड मागे जाईल, पण तिसरा प्रयत्न त्यांना पुन्हा मिळेल, म्हणजे हातात दोन. दंड नाकारलास तर चेंडू इथेच, आणि त्यांच्याकडे शेवटचा, चौथा प्रयत्न.

डगने वाऱ्याकडे पाहिलं. वारा ओहायोच्या तोंडावर होता. एवढ्या लांबून त्यांनी तीन गुणांसाठी चेंडू लाथेने खांबांमधून मारायचं ठरवलं, तर तो लाथ मारणारा पोरगा आतापर्यंत तीनदा चुकला होता, आणि त्यातली एक लाथ बँडमधल्या ट्युब्याच्या भल्यामोठ्या कर्ण्यावर बसली होती. दंड नाकारणं शहाणपणाचं होतं. डगने मान खाली घातली, बुटाने गवत उकरलं आणि हळू आवाजात म्हणाला,

"नको सर. थँक्यू."

आता इथे ज्युडाने हाताने नाकारल्याची खूण करायची, चेंडू ठेवायचा आणि शिट्टी वाजवायची. पुस्तकात एवढंच आहे. पण समोर मान खाली घातलेला, धुळीने माखलेला, उपाशी दिसणारा एक मुलगा उभा होता आणि पडेल आवाजात नको म्हणत होता. ज्युडाच्या आत, एम.एस्सी.च्याही खाली, नियमपुस्तकाच्याही खाली, अलिबागच्या जेवणाच्या पंगतीत काहीतरी हललं.

"नक्की ना?" तो म्हणाला.

डगने मान वर केली. "सर?"

"पंधरा यार्ड आहेत," ज्युडा म्हणाला.

"हो, पण... नको, राहू दे."

"संकोच करू नकोस. तुझ्या हक्काचे आहेत."

डगच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला, चुकीचा. पंच पुन्हा पुन्हा विचारतोय. ज्याने सगळ्या पंचांना हे पुस्तक शिकवलं तो पंच. म्हणजे आपलं काहीतरी चुकतंय आणि हा भला माणूस नियमात राहून सुचवतोय. "बरं सर," तो म्हणाला. "तुम्ही म्हणताय तर घेतो."

"शाब्बास," ज्युडा म्हणाला. त्याला अगदी तृप्त वाटलं. चेंडू उचलून त्याने पंधरा यार्ड मोजले, सुंदर मोजले, आणि ओहायोला तिसरा प्रयत्न दिला.

चेंडू खेळात आला तेव्हा त्याला कळलं. पहिलं उत्तर 'नको' होतं. तोंडात शिट्टी होती, पण आता ती वाजवून उपयोग नव्हता. पुढचा प्रयत्न सुरू झाला की मागची चूक दुरुस्त होत नाही, हाही नियम त्यानेच तिसऱ्या वर्गात शिकवला होता. ओहायोच्या फेकणाऱ्याने चेंडू उंच भिरकावला. तो वाऱ्यात डुलत त्रेचाळीस यार्ड गेला आणि पळत्या खेळाडूच्या हातात असा येऊन पडला, की जणू कुणीतरी त्याला वाढला होता.

ओहायो जिंकलं.

मावशी टाळ्या वाजवत उभी राहिली. अरविंदने तिला खाली बसवलं. "मावशी, आपण हरलो."

"ज्युडा हरला?"

"पंच हरत नसतो."

"मग वाजव की टाळ्या," मावशी म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी गावच्या पेपरात मथळा होता : 'कप्तानाने सामना दान केला'. कोचने म्हटलं होतं, की दंड नाकारायचा असतो हे आमच्या बारा वर्षांच्या पोरांनाही कळतं. डग बाउमन म्हणाला होता, "निर्णय माझा होता. मी चुकलो." पंचाने तीनदा विचारलं, हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. सभ्य माणसं अशी गैरसोयीची असतात.

ज्युडाने तो पेपर दोनदा वाचला. मैदानात काय बोलणं झालं हे फक्त दोघांना माहीत होतं आणि त्यातला एक तोंड उघडणार नव्हता. म्हणजे काळी टोपी जवळपास डोक्यावर आलीच होती. त्याने टाइपरायटर पुढे ओढला.

अहवाल दीड पानाचा झाला. कप्तानाचं पहिलं उत्तर 'नको' होतं. ते अंतिम होतं. पंचाने ते अंतिम न मानता पुन्हा दोनदा विचारलं, हा पंचाचा गुन्हा. नियमाचा क्रमांक, पोटकलम, आणि खाली तीन तळटीपा. एक प्रत त्याने मंडळाला पाठवली आणि दुसरी एल्मडेलच्या कोचला.

कागद पेटीत टाकून आल्यावर मावशीने विचारलं, "काय लिहिलंस एवढं?"

"मी त्या मुलाला आग्रह केला."

मावशीने पोळी उलटली. "मग बरं केलंस. चांगल्या घरचं पोर आहेस."

"मावशी, त्यामुळे ते हरले!"

"त्याने घेतले ना पंधरा? मग तिसऱ्या वेळेला पोट बोललं त्याचं."

*

दोन आठवड्यांनी शँट्झ यांनी दुकानात बोलावलं. रंगाच्या डब्यांमागे टेबलावर तीन वस्तू होत्या : ज्युडाचा अहवाल, परीक्षकाचा अहवाल आणि काळी टोपी. ज्युडाने टोपीकडे पाहिलं नाही. न पाहताही त्याला मापाचा आकडा दिसला. सव्वासात. त्याचंच माप.

"हे कशाला लिहिलंस?" शँट्झ यांनी अहवाल बोटाने ढकलला.

"चूक झाली म्हणून."

"तक्रार कुणाचीच नव्हती. ओहायोवाल्यांची तर नव्हतीच नव्हती. अख्ख्या ओंटारियोत तुझ्याविरुद्ध तक्रार करणारा तू एकटाच."

"तो मुलगा—"

"तो मुलगा खुशीत आहे. कोचने तुझं पत्र बसमध्ये सगळ्या टीमला वाचून दाखवलं, तळटीपांसकट. त्याची माफीही मागितली. तू त्याची काळजी सोड." शँट्झ यांनी दुसरा कागद उचलला. त्याच्या कोपऱ्यावर पिवळा तेलकट डाग होता. "हा टोरोंटोचा. शंभरात चौऱ्याण्णव. 'कप्तानाला पर्याय समजावताना मुख्य पंचांनी दाखवलेला संयम अनुकरणीय. वातावरण अत्यंत आपुलकीचे.'"

"त्याला ऐकू आलेलं नाही. तो संयम नव्हता, गुन्हा होता."

"त्याला तुझे हात हलताना दिसले. आम्ही हातांनाच गुण देतो." शँट्झ मागे रेलले. "हे बघ. समितीने तुझा कागद वाचला. म्हणजे मी वाचला, बाकीच्यांना सांगितला. असं ठरलं की माणूस चुकतो, आणि चूक लिहून देणारा पंच आमच्याकडे आजवर झालेला नाही. कागद फायलीत राहील. टोपी तुझी. हवी?"

सात वर्षं. पावसात धरलेली कडेची रेषा, दाताखाली धरलेली जीभ, खांबापलीकडे गेलेला हार्वे. एवढा मोठा मान कुणी पुढे केला तर माणसाने काय करावं?

"छे छे, वॉल्टर," तो म्हणाला. "एवढी चूक केल्यावर मी कसला टोपी घेतोय. नको, नको."

आणि नजर रंगाच्या डब्यांकडे वळवून, मान किंचित कलती करून तो वाट पाहू लागला. आता शँट्झ म्हणतील, असं कसं, तुझाच हक्क आहे. मग आपण म्हणू, अहो पण. मग ते टोपी हातात कोंबतील.

पेनाचा आवाज झाला.

"ठीक आहे," शँट्झ म्हणाले.

"काय लिहिलंत?"

"'नाकारली.'"

"वॉल्टर, तसं नाही. मला म्हणायचं होतं—"

"पहिलं उत्तर अंतिम." शँट्झ यांनी खणातून वही काढून उघडून दाखवली. त्या ओळीखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. "सहा वर्गांत मला समजलं ते हे एवढंच. तेही तूच शिकवलंस. आता तुझ्यासाठी मी नियम मोडू? मग तुझ्यासारखा दीड पानाचा अहवाल मला लिहावा लागेल, आणि मला टाइप करता येत नाही."

त्यांनी फोन उचलला. ज्युडा अजून दुकानाच्या दारापर्यंतही पोचला नव्हता.

"हार्वे? काळी टोपी ह—"

पलीकडून आलेला होकार खिळ्यांच्या कपाटापर्यंत ऐकू आला.

*

घरी ज्यू नव्या वर्षाच्या सणासाठी मावशी चिकाचा हलवा घोटत होती. नारळाचं दूध आटत आलं होतं आणि खिडक्यांच्या काचांवर वाफ धरली होती. तिने ज्युडाचा चेहरा पाहिला आणि आच कमी केली. तोच म्हणाला,

"त्यांनी एकदाच विचारलं, मावशी."

मावशीचा हात थांबला. "काय?"

"टोपी हवी का म्हणून. मी नको म्हणालो. त्यांनी परत विचारलंच नाही."

"मेले!" मावशी म्हणाली. "भरल्या घरातून पोर उपाशी पाठवतात." तिने फ्रीजकडे एक नजर टाकली. कागद जागेवर होता. तिने हलव्याचा एक ऊन गोळा बशीत काढला आणि नेहमीच्या सवयीने वळली. "घेणार का रे थो—"

"हो," ज्युडा म्हणाला.

मावशीने बशी खाली ठेवली, पदराला हात पुसला आणि त्याच्या कपाळावर हात ठेवून ताप आहे का ते पाहिलं.